शाळा-घर आरोग्य वही: चौथीच्या वर्गात वर्षभर वापरून

मी चौथीची वर्गशिक्षिका. वर्गात ३८ मुले. गेल्या वर्षी आमच्या शाळेने एका संस्थेकडून मुलांच्या आरोग्याचा वर्षभराचा कार्यक्रम घेतला. त्यात प्रत्येक मुलाला एक वही, शिक्षकांना एक पुस्तिका, दोन दिवसांचे प्रशिक्षण, चार पालकसभा, वजनकाटा, उंचीची पट्टी, डोळे तपासायचा तक्ता, आणि अडले तर विचारायला एका समुपदेशक ताईंचा फोन. वर्ष संपल्यावर दोन-तीन शाळांतल्या शिक्षकांनी मला विचारले, 'आम्ही घ्यावा का?' फोनवर सांगून ते पुरे होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. संस्थेचे नाव देत नाही. असे कार्यक्रम आता पुष्कळ निघाले आहेत आणि त्यांचा साचा बराचसा सारखा असतो. तुमच्यापुढे जो येईल त्यात काय बघायचे ते कळले की झाले.

आधी निकाल सांगते. घ्यावा. पण वहीतले वजनाचे पान वापरू नये, आणि सगळ्यात शेवटी जी दोन कोरी पाने दिली आहेत तिथून सुरुवात करावी. आम्ही नेमके उलटे केले आणि पहिले तीन महिने वाया घालवले.

वहीची बांधणी चांगली आहे. दप्तरात वर्षभर राहूनही पाने सुटली नाहीत. प्रत्येक आठवड्याला एक तक्ता: झोप, दात घासणे, हात धुणे, मैदानावरचा खेळ, डबा, पडद्यासमोरचा वेळ. मुलाने रोज खूण करायची, पालकांनी खाली सही. कागदावर हे फार नीटनेटके दिसते. पहिल्या महिन्याच्या शेवटी मी वह्या गोळा केल्या आणि टेबलावर उघडून ठेवल्या. एकामागून एक वहीत तीस दिवसांच्या खुणा एकाच पेनाच्या, एकाच तिरकस हाताच्या. एका मुलीने भाबडेपणाने सांगूनही टाकले, 'बाई, आईने काल रात्री एकदम सह्या करून दिल्या.' मला त्या आईचा राग आला नाही. दिवसभर राबून घरी आलेल्या बाईपुढे रोज सहा चौकोन ठेवले, तर तिला ती आपलीच परीक्षा वाटते, आणि परीक्षेत कोणीही उत्तरे बरोबरच लिहितो. तक्ता भरला जात होता, पण त्यातून मला एकाही मुलाबद्दल नवे काही कळत नव्हते.

शिक्षकांची पुस्तिका मात्र मनापासून लिहिलेली आहे. सुरुवातीलाच आरोग्यसंवर्धनावरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत निघालेल्या १९८६च्या ओटावा जाहीरनाम्यातला विचार दिला आहे: माणसे जिथे शिकतात, काम करतात, खेळतात आणि प्रेम करतात, तिथेच रोजच्या जगण्यात आरोग्य घडते. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने १९९५ साली शाळांसाठी जागतिक उपक्रम सुरू केला, २०२१ साली युनेस्कोबरोबर आरोग्यपूरक शाळेची आठ मानके मांडली, असा थोडक्यात इतिहास येतो. मला सगळ्यात भावला तो पुस्तिकेचा प्रामाणिकपणा. अशा कार्यक्रमांवरच्या ६७ वैज्ञानिक चाचण्यांचा कोक्रेनने, म्हणजे आरोग्यावरचे संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, २०१४ साली घेतलेला आढावा त्यात समजावून सांगितला आहे. वर्गातले शिकवणे, शाळेचे वातावरण आणि घराचा सहभाग ही तिन्ही अंगे असलेलेच कार्यक्रम त्यात धरले होते. मुलांची हालचाल, तंदुरुस्ती, फळे-भाज्या खाणे, तंबाखूपासून दूर राहणे, इतर मुलांकडून होणारा छळ, यांत फरक दिसला, पण तो लहान होता. मानसिक आरोग्यावर किंवा दारूच्या सवयीवर परिणाम झाल्याचा फारसा पुरावा मिळाला नाही. विकणारा माणूस सहसा असे काही छापत नाही. मला ते वाचून धीर आला, कारण निदान आमच्याकडून चमत्काराची अपेक्षा कोणी धरलेली नव्हती.

प्रशिक्षणाचा पहिला दिवस कंटाळवाणा गेला. पडद्यावरचे वाचून दाखवणे एवढेच. हात साबणाने वीस सेकंद धुवावेत, मुलांना रोज सरासरी साठ मिनिटे दमवणारा खेळ हवा, हे आम्हाला ठाऊक होते. दुसरा दिवस मात्र पहिल्या तिमाहीनंतर झाला आणि त्या दिवसाने वर्ष तारले. आलेल्या ताईंनी आमच्या वह्या चाळल्या, एकसारख्या सह्या पाहिल्या आणि म्हणाल्या, 'दोन आठवडे तक्ता बंद. शेवटच्या पानावर घरी एकच प्रश्न लिहून पाठवा: तुमच्या मुलाच्या तब्येतीबद्दल शाळेला माहीत नाही अशी एक गोष्ट सांगा.' मग आम्हाला जोड्या लावून बसवले. एकीने आई व्हायचे, एकीने शिक्षिका, आणि शिक्षिकेने पाच मिनिटे एकही सल्ला द्यायचा नाही. मला दीड मिनिटही जमले नाही. 'तुम्ही असे करून बघा ना' हे वाक्य जिभेवरच असते आमच्या.

प्रश्न पाठवला. ३८ पैकी २९ घरांतून उत्तर आले. ज्यांना लिहिणे जमत नव्हते त्यांनी फोनवर बोलून निरोप ठेवले, ते मी वहीत उतरवून घेतले. ती २९ उत्तरे मी एका रविवारी सलग वाचली. एका मुलाला रात्री खोकला येतो आणि त्याला वर्गात फळ्याजवळ बसायचे नसते, कारण खडूची धूळ. एकीला लहान भावाला सांभाळावे लागते म्हणून खेळायला वेळ नाही. एकाचे आजोबा वारले तेव्हापासून तो अंथरूण ओले करतो आणि हे कोणाला कळेल या धास्तीने सहलीला यायला नाही म्हणतो. चार वर्षे ही मुले आमच्या शाळेत आहेत.

त्यातले एक उत्तर इथे नीट सांगायला हवे. माझ्या वर्गातली एक मुलगी शेवटच्या दोन तासांत रोज बाकावर डोके टेकायची. डोके दुखते म्हणायची. माझा समज असा की ती सकाळी न खाता येत असावी, आणि तसे मी तिला एक-दोनदा बोललेही होते. तिच्या आईने लिहिले होते, 'पाण्याची बाटली सकाळी भरून देते ती संध्याकाळी तशीच भरलेली परत येते. शाळेत पाणी पिऊ देत नाहीत का?' वाचून मला लागले. मधल्या सुट्टीत मी तिला एकटीला बाजूला घेतले. बराच वेळ ती बाटलीच्या झाकणाशी चाळा करत राहिली. मग खाली बघून दोनच शब्द बोलली: 'कडी नाही.'

मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराची आतली कडी तुटली होती. कधीची ते कोणालाच सांगता येईना. मैत्रीण बाहेर दार धरून उभी राहिली तर जायचे, मैत्रीण गैरहजर असली तर जायचे नाही, म्हणून पाणीच प्यायचे नाही. मी आणखी मुलींना विचारले. सात जणी तसेच करत होत्या. पाणी कमी पिऊन लघवी दाबून ठेवली की डोके दुखते, शौचाला कडक होते, मूत्रमार्गाला संसर्ग व्हायचा धोका वाढतो, हे सगळे आमच्या पुस्तिकेत होते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ शाळांतली स्वच्छतागृहे मोजतात तेव्हा 'वापरण्याजोगे' म्हणण्याआधी दार आतून बंद होते का हेही बघतात. एक कडी आणि चार स्क्रू. दोन दिवसांत काम झाले. बाटली रिकामी जायला मात्र पंधरा दिवस लागले, कारण न पिण्याची सवय अंगवळणी पडली होती. आई रोज संध्याकाळी बाटलीत किती उरले ते बघायची, मी तिसऱ्या तासाला सगळ्या वर्गाला मिळून घोट-घोट पाणी प्यायला लावायचे. डोके टेकणे हळूहळू थांबले. आईला भरलेली बाटली दिसत होती, मला दुखणारे डोके दिसत होते, आणि कितीतरी महिने आम्ही एकमेकींना ते सांगितलेच नव्हते.

या एका पानासाठी मी या कार्यक्रमाला पूर्ण गुण देईन.

पालकसभांबद्दल. आराखड्यात चारही सभा कामाच्या दिवशी दुपारी ठेवल्या होत्या. पहिल्या सभेला अकरा पालक आले, त्यातले वडील दोन. पुढच्या सभा आम्ही सुट्टीच्या सकाळी घेतल्या आणि मुलांना सोबत आणायला सांगून बाजूच्या खोलीत खेळायला बसवले. संख्या दुपटीहून जास्त झाली. वेळ पालकांना विचारून ठरवा, हे पुस्तिकेत कुठेच नाही. असायला हवे होते.

दुसऱ्या सभेचा विषय होता झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज नऊ ते बारा तास झोप लागते, म्हणून रात्री नऊला दिवे बंद, असे पडद्यावर आले. मागून एक आजी उठल्या. त्यांचा नातू माझ्याच वर्गात, पहिल्या तासाला पेंगणारा. आजी म्हणाल्या, 'याचा बाप साडेदहाला कामावरून येतो. दिवसभरात बाप-लेकाची भेट ती तेवढीच. ती पण बंद करू का?' खोलीत कोणी काही बोलेना. मलाही उत्तर सुचले नाही. समुपदेशक ताईंनी पडदा बंद केला, खुर्ची आजींकडे वळवली आणि बाकीच्या पालकांना विचारले, 'आणखी कोणाच्या घरी असे आहे?' सहा हात वर झाले. मग जे बोलणे झाले ते कुठल्याही पुस्तिकेत नव्हते. पाळीवर काम करणाऱ्या एका आईने सांगितले की तिने भेट सकाळवर आणली आहे. मुलीला ती स्वतः उठवते, दोघी एकत्र दात घासतात, शाळेच्या फाटकापर्यंत चालत येतात.

त्या मुलाच्या वडिलांनी तेच धरले. सकाळी दोघे शेजारी उभे राहून दात घासतात, हे मला मुलानेच मोठ्या अभिमानाने सांगितले. वडील फेस न सांडता बोलू शकतात म्हणे. आठवड्यातले चार-पाच दिवस तो साडेनऊला झोपतो, आणि सुट्टीच्या आदल्या रात्री वडिलांची वाट बघत जागायची त्याला मुभा आहे. माझ्याकडून मी पहिल्या तासाचे गणित तिसऱ्या तासाला नेले, कारण तसा पेंगणारा तो एकटा नव्हता. पहिल्या तासाला आता आम्ही मोठ्याने वाचन करतो. आजींनी तो प्रश्न विचारला नसता तर मी वर्षभर त्याच्या वहीत 'झोप अपुरी' असा शेरा मारत राहिले असते.

डोळे तपासायच्या तक्त्याबद्दल एक सूचना. १८६२ साली डच नेत्रतज्ज्ञ स्नेलेन यांनी काढलेल्या तक्त्याच्याच तत्त्वावरचा, पण अक्षरांऐवजी चार दिशांना तोंडे असलेल्या खुणांचा हा तक्ता आहे. मूल सहा मीटरवर उभे राहते, एक डोळा तळहाताने झाकते आणि खूण कोणत्या बाजूला उघडी आहे ते हाताने दाखवते. शिक्षकांना वापरायला सोपा, पण संचात तो एकच दिला आहे आणि मुले रांगेत उभी राहून ऐकत असतात. एका मुलाने डावा डोळा झाकला आणि 'उजवीकडे, खाली, वर, वर' असे धडाधड सांगायला लागला. मी काठी अजून शेवटच्या ओळीवर टेकवलीही नव्हती. शंका आली म्हणून तीच ओळ उलटीकडून विचारली. तो गप्प झाला. मग तक्त्याच्या दिशेने दोन पावले पुढे सरकला, आणि तेव्हा मला कळले. रांग खोलीबाहेर ठेवा, आणि संस्थेकडून वेगळ्या क्रमाचा दुसरा तक्ता मागून घ्या.

वर्गात पाच मुलांना नजरेची अडचण निघाली. घरी चिठ्ठ्या गेल्या. महिनाभरात दोनच मुलांचे डोळे डॉक्टरांकडे तपासून झाले. उरलेल्या तिघांच्या घरी मी फोन केला तेव्हा एका वडिलांनी मोकळेपणाने सांगितले की चश्मा लावला की नजर आणखी उतरते असे त्यांना वाटत होते. तसे होत नाही. चश्म्याने नजर कमजोर होत नाही, मुलाला स्पष्ट दिसायला लागते इतकेच. पण हे मी चिठ्ठीत लिहिले नव्हते, आणि त्यांच्या मनातली भीती चिठ्ठीला कळणार तरी कशी? आता पाचही जण चश्मा वापरतात. दोघे तो दप्तरात ठेवून येत होते, चिडवतील म्हणून. मी माझा चश्मा काढून फळा वाचून दाखवायचा प्रयत्न केला आणि मला काय दिसत नाही ते वर्गाला सांगितले. त्यानंतर दप्तरातले चश्मे बाहेर आले.

नजरेचेच आणखी एक. पुस्तिकेत चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या बारा शाळांचा अभ्यास दिला आहे, २०१५ साली प्रसिद्ध झालेला. सहा शाळांत पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटे जास्त बाहेर उघड्यावर नेले, आणि पालकांनाही सांगितले की सुट्टीच्या दिवशी मुलांना बाहेर न्या. तीन वर्षांनी त्या मुलांपैकी ३०.४ टक्क्यांना लघुदृष्टी (लांबचे अंधुक दिसणे) आली होती, इतर सहा शाळांत ३९.५ टक्क्यांना. हे आकडे सभेत सांगितले तेव्हा पालक सरसावून बसले. आतापर्यंत त्यांना खेळाचा तास म्हणजे अभ्यासातला तोटा वाटायचा. आम्हाला रोज चाळीस मिनिटे जमली नाहीत. आठवड्यातून तीन दिवस शेवटचा तास बाहेर घेतो, कधी पाढे, कधी पाने गोळा करणे.

आता वजनाचे पान. हे लिहिताना मला अजूनही जड जाते. संचातल्या सूचनेप्रमाणे आम्ही सगळ्या वर्गाची वजने एकाच तासात घेतली. एक मुलगा आकडा मोठ्याने वाचणार, दुसरा लिहिणार. मग वहीत लाल-पिवळ्या-हिरव्या पट्ट्यावर खूण करून वही घरी. दुसऱ्या दिवशी एका मुलाने डबा उघडलाच नाही. त्याच्या वहीत आईचे वाक्य होते, 'काल रात्री जेवला नाही. तुम्ही त्याला काय सांगितलेत?' मी काही सांगितले नव्हते, रंगाने सांगितले होते. आणि तो रंगही चुकीच्या पायावर उभा होता. वाढत्या मुलाची उंची-वजने नेहमी वय आणि मुलगा की मुलगी हे बघून वाचायची असतात. पाच ते एकोणीस वर्षांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे २००७चे तक्ते त्यासाठीच आहेत. वहीत सगळ्यांना मिळून एकच पट्टा छापला आहे. ही साधी चूक नाही. मी त्या आईच्या घरी गेले, मुलाच्या देखत माफी मागितली. संस्थेला कळवले, पुढच्या छपाईत दुरुस्ती करू असे उत्तर आले. तोवर आम्ही ते पान टाचणी मारून बंद केले. वजने आता एकेकाला पडद्याआड बोलावून घेतो, आकडा उच्चारत नाही, आणि काही बोलायचे असेल तर ते डॉक्टर पालकांशी बोलतात, मुलासमोर नाही.

डब्याच्या पानावरचा 'आदर्श डबा' हाही मला पटला नाही. पाच कप्पे, पाच रंग, चकचकीत फोटो. ते चित्र पाहून एका आईने मला विचारले, 'एवढे नसेल तर डबा देऊच नये का?' चित्राच्या जागी प्रश्न हवा होता: आज डब्यातले काय संपले, काय उरले? आम्ही तोच विचारायला लागलो. उरलेले घरी परत न्यायचे, फेकायचे नाही, एवढा एकच नियम. कोणती गोष्ट मूल खात नाही ते त्यामुळे घरी दिसायला लागले, आणि शाळेतले जेवणाचे वीस मिनिटे मुलांना पुरत नाहीत हे आमच्या लक्षात आले. आता अर्धा तास देतो.

मोबाइलवर येणारे आरोग्य-संदेश बंद करून घ्या. रोज एक येतो, कोणी वाचत नाही.

फोनवरच्या समुपदेशक ताई मात्र खऱ्या अर्थाने मदतीला येतात. अंथरूण ओले करणाऱ्या मुलाबद्दल मी त्यांना रात्री आठला फोन केला होता. त्यांनी आधी मलाच विचारले की मूल वर्गात कोणापाशी बसते, कोणाशी बोलते. डॉक्टरांना कधी दाखवायचे, आईशी बोलताना 'शिस्त' हा शब्द का टाळायचा, हे सांगितले. तो मुलगा सहलीला आला. त्याच्या आईने एक जादा पिशवी माझ्याकडे आधीच देऊन ठेवली होती, ती उघडायची वेळ आली नाही.

एक गोष्ट संस्थेने शाळांना आधीच स्पष्ट सांगावी: यात वर्गशिक्षकाचा वेळ जातो. २९ उत्तरे वाचायला आणि प्रत्येकाखाली दोन ओळी लिहायला मला तीन तास लागले. मुख्याध्यापकांनी महिन्यातला एक शनिवार इतर कामांतून मोकळा करून दिला म्हणून निभले. तो वेळ मिळणार नसेल तर वह्या घेऊ नका, नुसत्या पाट्या टाकल्यासारखे होईल आणि पालकांना ते लगेच कळते.

पाचपैकी साडेतीन तारे. एक तारा वजनाच्या पानासाठी कापला, अर्धा सभांच्या वेळांसाठी.

पुढच्या वर्षासाठी आम्ही पुन्हा नोंदणी केली आहे. वजनाचे पान वगळून, कोरी पाने दोनऐवजी वीस करून, आणि ती वहीच्या सुरुवातीला बांधून द्या, असे लिहून पाठवले आहे. पहिल्या आठवड्याला घरी जाणारा प्रश्न यावेळी पालकांनीच ठरवला आहे: 'माझे मूल शाळेत कोणाजवळ रडते?'